छोट्या डेस्कटॉपला पुढे भवितव्य आहे का?

प्रश्न : इंटेलने 'नक' हे छोटे संगणक बनवणं थांबवलं. मग असा डबा आता घ्यावा का? पुढे रॅम, एसएसडी वाढवता येईल?

उत्तर : इंटेलने 2023 मध्ये अंग काढून घेतलं खरं, पण ती मालिका आसुसने पुढे चालू ठेवली. प्रकार संपलेला नाही. त्याच वर्षी आलेल्या एन100 या 6 वॅटच्या प्रोसेसरने तर स्वस्त डब्यांचं पीकच आणलं. पत्रव्यवहार, हिशेब, ब्राउझर, व्हिडिओ एवढ्याला तो पुरतो. जड गेमिंगची अपेक्षा मात्र ठेवू नका.

खरी अडचण रॅमची. आता बऱ्याच मॉडेलांत ती बोर्डावरच झाळलेली असते, म्हणजे 8 जीबी घेतली की कायम 8 जीबी. 'सो-डिम' स्लॉट, म्हणजे रॅमची पट्टी काढता-घालता येणारी खाच असलेलं मॉडेल शोधा, नाहीतर सुरुवातीलाच 16 जीबी घ्या. इथे काटकसर नको.

एसएसडी, म्हणजे साठवणीची ड्राइव्ह बदलताना तिच्या खाचेची (एम.2 स्लॉट) जोडणी साटा प्रकारची आहे की एनव्हीएमई, ते माहितीपत्रकात पाहा. फक्त साटा जोडणी असलेल्या स्लॉटमध्येही एनव्हीएमई ड्राइव्ह कधीकधी नीट बसते, स्क्रूही लागतो, पण बायॉसला (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामला) ती दिसतच नाही! लोक मग ड्राइव्हलाच दोष देतात.

दोनेक वर्षांनी डबा रेंगाळू लागला, तर आधी पंख्यातली धूळ काढा. प्रोसेसर तापला की स्वतःहून वेग कमी करतो. डबा मॉनिटरमागे लावलात, तर हवेची छिद्रं मोकळी ठेवा.