फॉर्म आणि फोन यांच्यामधलं काम

तुमचा प्रश्न असा की, मानसोपचार विभागात औषधं सायकियाट्रिस्ट देणार, थेरपी सायकॉलॉजिस्ट करणार, मग क्लिनिकल सोशल वर्करच्या वाट्याला फॉर्म आणि फोनच उरतात का?

फॉर्म आणि फोन आहेत, भरपूर आहेत. पण खरं काम बरेचदा त्या फोनवरच सापडतं.

मी नवी असताना एक पेशंट तिसऱ्यांदा भरती झाला. केसपेपरवर शेरा एवढाच, ‘औषधं घेत नाही’. तिन्ही वेळा सगळ्यांनी त्याला समजावलं होतं. पहिल्या भेटीत मीही तेच करत बसले. दुसऱ्या भेटीत विचारलं, गोळी घेतली की दुसऱ्या दिवशी सकाळ कशी जाते? तर कामाची पाळी पहाटेची आणि रात्रीच्या गोळीनं डोळेच उघडायचे नाहीत. एक नोकरी त्यातच गेली होती. दुसरी टिकावी म्हणून तो गोळ्या टाळत होता. डॉक्टरांना हे कळल्यावर त्यांनी औषध बदललं. आजाराबद्दल सगळ्यांनी विचारलं होतं, पहाटेबद्दल कुणीच नाही.

दुसरा मोठा भाग घरच्यांचा. लंडनमध्ये समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राऊन आणि सहकाऱ्यांना १९५८ मध्येच दिसलं होतं की, डिस्चार्जनंतर आईवडील किंवा जोडीदाराकडे परतलेले पेशंट भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांपेक्षा जास्त वेळा पुन्हा भरती होतात. पुढे १९७६ मध्ये वॉन आणि लेफ या संशोधकांनी दाखवलं की, घरात टीका, राग किंवा अति काळजी असेल आणि समोरासमोरचा सहवास आठवड्याला ३५ तासांहून जास्त असेल, तर स्किझोफ्रेनिया उलटण्याचा धोका वाढतो. नवे लोक हे वाचून घरच्यांनाच दोषी धरतात. तसं करू नका. ती माणसं दमलेली असतात, आणि ‘आळशी आहे’ हा शेरा बहुतेकदा आजाराची लक्षणं माहीत नसल्यामुळे येतो. उपदेशापेक्षा ते तास कमी कसे करता येतील ते बघा: पेशंटला दिवसातून काही वेळ बाहेर जायला ठिकाण, आईला स्वतःचे दोन तास. थेरपीचं म्हणाल तर प्रशिक्षण असेल तर तीही करता येते, नियम जागोजागी वेगळे.

मुलाखतीला जाल तेव्हा पगाराआधी तीन गोष्टी विचारा: एका वर्करकडे केस किती, गृहभेटीला वेळ धरलेला असतो का, आणि सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी माणसाचं केसेसवरचं नियमित मार्गदर्शन, कोण देतं. तिसऱ्याला ‘गरज पडली तर बघू’ असं उत्तर आलं, तर मी तिथे गेले नसते.