हिप-हॉप मिसळलेला बेली डान्स ‘अस्सल’ राहतो का?

तुम्ही विचारलंय की कॉलेजच्या कार्यक्रमासाठी बेली डान्स आणि हिप-हॉप एकत्र करून नाच बसवलात, तर एका सीनियरने “हे अस्सल नाही, त्या कलेचा अपमान आहे” असं सुनावलं. मग कितपत मिसळलेलं चालतं आणि पोस्टरवर काय लिहायचं?

मी पुण्यात इजिप्शियन शैली शिकते, नवख्या मुलींना थोडंफार शिकवतेही. क्लास सुटल्यावर टपरीवर हा वाद ठरलेलाच. मिसळायला माझी हरकत नाही. ताल न ऐकता मिसळायला आहे.

तुमच्या सीनियरच्या डोळ्यांपुढे जो ‘अस्सल’ नाच असेल, म्हणजे मण्यांची चोळी, कमरेला झालर, मागे मोठा वाद्यवृंद, तो बहुतेक कैरोच्या नाइटक्लबमधला. बदिया मसाबनी ही लेबनॉन-सीरियाकडची बाई. तिने 1926 मध्ये कैरोत आपला क्लब काढला. तिथे परदेशी पाहुणे यायचे, इजिप्तमधली बडी मंडळीही यायची. घरातल्या लग्नात जागच्या जागी नाचला जाणारा नाच तिने रंगमंचभर फिरवला, हातांना काम दिलं, मागे नर्तकींची रांग उभी केली. तिच्याच तालमीतून तहिया कारिओका आणि सामिया गमाल पुढे आल्या. तहियाचं ‘कारिओका’ हे नाव एका ब्राझिलियन नाचावरून पडलं आणि सामियाच्या हातांत बॅले स्पष्ट दिसतं. आज ‘सुवर्णकाळ’ म्हणून ज्यांचे व्हिडिओ आपण पुन्हा पुन्हा लावतो, त्या या दोघी!

लोकनृत्याचीही गत फार वेगळी नाही. महमूद रेडा 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्ट म्हणून उतरला होता. 1959 मध्ये त्याने नृत्यसंच काढला, गावोगावचे नाच पाहिले आणि त्यातून स्टेजसाठी स्वतःच्या रचना केल्या. वर्कशॉपमध्ये ‘इजिप्तचं लोकनृत्य’ म्हणून शिकवतात त्यातलं बरंचसं त्याचं आहे. बलदी, म्हणजे शहरी लोकसंगीतात हमखास वाजणारा ॲकॉर्डियनही मूळचा युरोपचा. अरबी पाव-सूर (अर्ध्या सुराचेही अर्धे) निघावेत म्हणून तो मुद्दाम वेगळा लावून घेतात. आणि सॅन फ्रान्सिस्कोत 1987 पासून वाढलेल्या अमेरिकन ट्रायबल शैलीत तर चक्क आपली चोळी आणि घेरदार घागरा आहे. ते पाहून आपल्याकडच्या पोरी म्हणतात, हे तर नवरात्रातलं!

म्हणजे काहीही चालतं असं मात्र नाही. इथे तुमच्या सीनियरच्या बोलण्यात मला थोडं तथ्य दिसतं.

इजिप्शियन तबला म्हणजे मांडीवर आडवा धरायचा, पेल्याच्या आकाराचा एकच ढोल. दुम म्हणजे मधला खोल ठोका, टक म्हणजे कडेचा तीक्ष्ण. त्यावरचा मकसूम हा ताल साधारण असा: दुम टक, टक दुम, टक. बलदी नावाच्या तालात सुरुवातीलाच दोन दुम: दुम दुम, टक दुम, टक. सईदी तालात ते दोन दुम मधे येतात: दुम टक, दुम दुम, टक. तिन्ही चार मात्रांचेच, हिप-हॉपही चार मात्रांचं, त्यामुळे वरवर सगळं सहज जुळतं. फसगत तिथेच होते. आठ मोजायचे, त्यात हालचाली भरायच्या, मग मागे मकसूम वाजो की सईदी, कंबर तेच करते. लावणीत ढोलकी एक बोलतेय आणि बाई भलतंच नाचतेय, हे आपल्याला लगेच खटकतं ना? कैरोच्या प्रेक्षकालाही तसंच खटकतं.

अंगाचाही फरक आहे. हिप-हॉपमधल्या पॉपिंगमध्ये स्नायू क्षणभर आवळून सोडतात. इजिप्शियन शिमीत (कंबर थरथरवण्याच्या हालचालीत) गुडघे हलतात, मांड्या सैल असतात आणि कंबर त्यांच्यामागून आपसूक थरथरते. दोन्ही एकदम करायला गेलं की पॉपिंग मिळमिळीत होतं आणि शिमी ताठ. ती आलटून पालटून ठेवा. दुमवर पॉप घ्या, तबला भरभर टकटकायला लागला की सैल सोडून द्या. हा भाग जमला की कुणी ‘अस्सल का’ विचारत नाही, पुन्हा करून दाखवा म्हणतात. शिमीवर आधी नुसता सराव करा, बीट नंतर लावा.

पोस्टरवर सरळ ‘बेली फ्यूजन’ लिहा. ‘इजिप्शियन’ लिहू नका. आणि निवेदकाच्या तोंडी ‘पाच हजार वर्षांपूर्वीचं मंदिरनृत्य’ असलं काही घालू नका. फ्यूजनपेक्षा मला या थापेचा जास्त राग येतो. पुरावा कुणी देत नाही, टाळ्या मात्र मिळतात. त्यापेक्षा दोन वाक्यांत गवाझींबद्दल सांगता येईल. रस्त्यावर, लग्नांत नाचणाऱ्या या बायकांना 1834 मध्ये इजिप्तचा तेव्हाचा शासक मुहम्मद अली याच्या राजवटीने कैरोतून दक्षिणेकडे हाकललं. दक्षिण इजिप्तमधल्या लक्सरकडच्या माझिन बहिणींनी तो नाच विसाव्या शतकातही चालू ठेवला होता.

गाणं ठरवताना शब्दांचा अर्थ अरबी येणाऱ्या कुणाकडून तरी समजून घ्या. ठेका छान वाटला म्हणून धार्मिक गीतावर किंवा शोकगीतावर कंबर हलवणारे महाभाग मी पाहिलेत. शब्दांबद्दल खात्री होत नसेल तर नुसता तबला सोलो घ्या. हिप-हॉपशी त्याची गाठ सगळ्यात छान बसते आणि तुमच्या सीनियरलाही ताल मोजत बसायला काहीतरी मिळेल.