गरम असतानाच गाळ

प्रश्न : मी एम.एस्सी.ला आहे. सिलिकावर फॉस्फोटंगस्टिक आम्ल चढवून ब्युटेनॉल आणि अॅसेटिक आम्लापासून ब्युटाइल अॅसिटेट बनवते. पहिल्या खेपेला उतारा (तयार मालाचं प्रमाण) उत्तम मिळतो. तोच उत्प्रेरक, म्हणजे आम्ल चढवलेली सिलिका, धुऊन, वाळवून पुन्हा वापरला की उतारा घसरत जातो. कार्बन साचला असेल, भट्टीत भाजून घे, असा सल्ला मिळाला आहे. भाजू का?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : अजून भाजू नकोस. आधी पूड नीट बघ. कार्बन साचला असेल तर ती काळपट, तपकिरी दिसेल. पांढरीच असेल तर माझा संशय वेगळा आहे : तुझं आम्ल सिलिकावरून सुटून द्रवात जातंय.

माझी सगळी नोकरी तारापूरला एस्टरच्या, म्हणजे ब्युटाइल अॅसिटेटसारख्या रसायनांच्या, कारखान्यात गेली, म्हणून हे ठासून सांगते. फॉस्फोटंगस्टिक आम्ल पाण्यात सहज विरघळतं, अल्कोहोलमध्येही. तुझ्या फ्लास्कमध्ये अल्कोहोल आहेच आणि अभिक्रिया पुढे सरकेल तसं पाणी तयार होतं. आम्लाला सिलिकाशी धरून ठेवतं ते मुख्यतः विद्युतभारांचं आकर्षण. पक्का रासायनिक बंध नाही. त्यात तू ते जास्त चढवलं असशील, तर वरच्या थरातले स्फटिक सिलिकाला टेकलेलेसुद्धा नसतात. ते पहिल्याच खेपेत निघून जातात, आणि तो उत्तम उतारा बराचसा त्या विरघळलेल्या आम्लाचाच असू शकतो!

खात्री करायची तर रूपांतर अर्ध्यावर असताना मिश्रण गरम गरम गाळ. थंड होऊ दिलंस तर सुटलेलं आम्ल पुन्हा सिलिकावर बसू शकतं आणि चाचणी फसते. गाळलेला द्रव त्याच तापमानाला ठेव, दर अर्ध्या तासाने नमुना काढ. अॅसेटिक आम्ल स्वतःही ही अभिक्रिया थोडी पुढे ढकलतं, म्हणून शेजारी उत्प्रेरक न घालता एक फ्लास्क लाव. गाळलेला द्रव त्याच्यापेक्षा वेगाने पुढे गेला, तर आम्ल सुटलंय. गाळलेल्या द्रवातलं टंगस्टनही मोजून घे.

आणखी एक. खेपांची तुलना रात्रभर चालवलेल्या अभिक्रियेवरून कधीच करू नकोस. समतोलापर्यंत, म्हणजे उतारा आणखी वाढत नाही त्या टप्प्यापर्यंत, पोचायला वेळ दिला की अर्धमेला उत्प्रेरकही तेवढाच उतारा दाखवतो. सुरुवातीचा वेग मोज. शोधनिबंधांत 'पाच वेळा वापरला' असं वाचते तेव्हा मी आधी हेच शोधते, आणि बऱ्याचदा ते तिथे नसतं. मला याचा राग येतो, कारण असं वाचूनच कुणीतरी रिअॅक्टर विकत घेतो.

भाजायचंच झालं, तर कार्बन जाळायला साधारण ५०० अंश सेल्सिअस लागतात आणि त्या तापमानाला या आम्लाची केगिन रचना, म्हणजे त्याच्या रेणूचा सांगाडाच, मोडते. म्हणजे औषधानेच रोगी जायचा.

उपाय आपल्याकडेच शोधलेला आहे. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत प्रा. गणपती यादव यांच्या गटाने के-१० नावाच्या सच्छिद्र मातीच्या छिद्रांतच या आम्लाचं सीझियम धातूबरोबरचं क्षार (सॉल्ट) घडवलं. ते क्षार पाण्यात विरघळत नाही, तरी आम्लधर्मी राहतं. तेही नको असेल तर सल्फोनिक आम्लाचं रेझिन घे; त्यात आम्लगट पॉलिमरला रासायनिक बंधाने जोडलेला असतो. फक्त अँबरलिस्ट-१५ सारखं रेझिन १२० अंशांच्या वर नेऊ नकोस.

सिलिकावरचं आम्ल निरुपयोगी आहे असं मात्र समजू नकोस. इंग्लंडमध्ये हल येथे बीपी या तेल कंपनीने २००१ मध्ये इथिलीन आणि अॅसेटिक आम्लापासून इथाइल अॅसिटेट बनवायला सिलिकावरचं सिलिकोटंगस्टिक आम्लच वापरलं. तिथे सगळं वायुरूपात चालतं. आम्ल धुऊन न्यायला द्रव नसतो.

प्रश्न : सल्फ्युरिक आम्ल इतकं स्वस्त असताना सिलिकावरच्या आम्लासारख्या घन आम्लाचा खटाटोप कशाला?
– एक वाचक, महाड

उत्तर : स्वस्त ते आत येताना. घन आम्ल गाळून काढता येतं, सल्फ्युरिक आम्ल द्रवात मिसळलेलं राहतं आणि मारावं लागतं, म्हणजे उदासीन करावं लागतं. काम झाल्यावर १ किलो सल्फ्युरिक आम्ल मारायला सुमारे ८०० ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो आणि जवळजवळ दीड किलो सोडियम सल्फेट सांडपाण्यात उतरतं. सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रातले जीवाणू विरघळलेलं मीठ खात नाहीत. ते तसंच पुढे खाडीत जातं. हिशोब मांडताना कॉस्टिकचं बिल आणि ते मीठ, दोन्ही धरा.