तापात अंग मोडून येते, भूक जाते, सारखी झोप येते. हे जंतूंमुळे होते की मेंदूमुळे?

बहुतांशी मेंदूमुळे, कारण प्रतिकार यंत्रणेकडून संसर्गाची वर्दी मिळताच मेंदूच शरीराचे वागणे बदलतो. जंतूंशी गाठ पडली की पांढऱ्या पेशी इंटरल्यूकिन-१, टीएनएफ अशी सायटोकाइन प्रथिने सोडतात. ती रक्तावाटे मेंदूला खबर देतात, तर पोटातल्या दाहाची खबर व्हेगस हा लांबलचक मज्जातंतूही वर नेतो. मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या अस्तरात मग प्रोस्टाग्लँडिन ई२ तयार होते आणि हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागातला तापमानाचा काटा वर सरकतो. पॅरासिटामॉल नेमके हेच द्रव्य कमी करते, म्हणून गोळी घेतल्यावर घाम फुटून ताप उतरतो. जंतू मात्र जागच्या जागी असतात. निरोप उलट दिशेनेही जातात: २००० साली अमेरिकी संशोधक केव्हिन ट्रेसी यांच्या गटाने व्हेगसला विद्युत उत्तेजन देऊन उंदरांच्या रक्तातील दाह वाढवणारे टीएनएफ घटवून दाखवले, आणि पुढे संधिवाताच्या काही रुग्णांवरही हा उपाय करून पाहण्यात आला. एवढ्यावरून व्हेगसला उत्तेजन देण्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या, कानाला लावायच्या यंत्रांच्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नये, कारण संधिवाताच्या त्या रुग्णांमध्ये उपकरण शस्त्रक्रियेने शरीरात बसवलेले होते.