घरी भट्टी लावून गाडीसाठी इथेनॉल काढता येईल का?

काढता येईल, पण ते गाडीत चालणार नाही. शिवाय परवाना नसेल तर गुन्हा दाखल होईल तो वेगळाच.

गूळ किंवा मळी आंबवली की त्या रसायनात अल्कोहोल जेमतेम ८-१० टक्के असतं, बाकी जवळजवळ सगळं पाणीच. ऊर्ध्वपातनाने ते वाढवत नेलं तरी साधारण ९५ टक्क्यांना गाडी अडते. तिथे अल्कोहोल आणि पाणी एकत्रच उकळतात, कितीही वेळा पुन्हा उकळा. उरलेलं पाणी काढायला साखर कारखान्यांच्या आसवनीत (डिस्टिलरीत) वेगळी यंत्रणा असते: वाफ झिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या बारीक गोळ्यांमधून जाते आणि ते गोळे पाणी शोषून घेतात. ही पायरी गाळून ते पेट्रोलमध्ये मिसळलंत, तर पाणी-अल्कोहोलचा थर टाकीच्या तळाशी बसू शकतो आणि इंजिन नेमकं तेच ओढतं. ब्राझीलमध्ये पाणी असलेलं इथेनॉल चालतं, कारण तिथल्या गाड्याच त्यासाठी बनवलेल्या असतात.

आगीचं तर फारच जपा. इथेनॉलची ज्योत फिकट निळी असते, भर उन्हात दिसतही नाही. वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरत चुलीपर्यंत पोचते.

महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली दारू गाळण्यासाठी भट्टी नुसती बाळगणंही गुन्हा आहे. ‘इंधनासाठी होती’ म्हणून सुटका होईल या भरवशावर राहू नका.

घरचंच इंधन हवं असेल आणि गोठ्यात दोन-चार जनावरं असतील, तर गोबरगॅस बसवा. स्वयंपाक त्यावर होतो आणि उरलेली शेणाची स्लरी खत म्हणून शेताला मिळते.