दोनदा प्रमोशन नाकारलं, मी मागे पडले का?

(मिरजेच्या वाचक, वय ४६, राष्ट्रीयीकृत बँकेत क्लार्क. बरोबर लागलेली मैत्रीण आज चीफ मॅनेजर आहे. यांनी अधिकारीपदाची संधी दोनदा सोडली, एकदा मुलं लहान म्हणून, एकदा सासूबाईंच्या आजारपणात. आता तिसऱ्यांदा परिपत्रक आलंय आणि 'मी आयुष्यात काय मिळवलं?' या विचाराने झोप लागत नाही.)

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. प्रमोशनबद्दल त्यात आठ-दहा ओळी आहेत. पुढचं दीड पान नोव्हेंबरचं आहे. हयातीच्या दाखल्यांची गर्दी, ऐंशीच्या पुढच्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो हे तुम्ही आपणहून फोन करून कळवता ते, आणि रेल्वेतले ते निवृत्त गँगमन आजोबा. रुळांवर काम करून बोटं झिजलेली, यंत्र ठसा घेईना. शेवटी तुम्ही मोबाइलवर चेहऱ्यावरून ओळख पटवून त्यांचं काम केलंत. त्यांचा हात कसा थरथरत होता, हेही लिहिलंत. मैत्रिणीच्या केबिनबद्दल मात्र 'मोठी आहे' एवढंच.

म्हणून तुम्ही मागे पडलात असं मला अजिबात वाटत नाही. पण 'काउंटरवरच सुखात राहा' असं सांगून मोकळं होणं मला पटत नाही. शेवटच्या ओळीत तुम्ही म्हणता, 'शिवाय शाखा सांभाळणं मला झेपेलसं वाटत नाही.' हे मला खटकलं. मुलं, सासूबाई ही कारणं खरी होती. आपल्याकडे पुरुषाची बदली झाली तर बॅग भरली जाते, बाईची झाली तर अख्खं घर हलतं. तेव्हा तुम्ही घर निवडलंत, त्यात कसला कमीपणा? पण आता धाकटाही इंजिनिअरिंगला गेलाय. आज नको म्हणाल ते नेमकं कशाला?

समजा, पोस्टिंग मिरजेतच मिळालं. मग घ्याल? लगेच 'हो' आलं, तर तुमची अडचण फक्त बदलीची आहे. मग यजमानांना, मुलांना समोर बसवून दोन-तीन वर्षं घर कोण कसं सांभाळेल ते बोला. 'नको, मला माणसांसमोरच बसायचंय' असं आलं, तर तसं मैत्रिणीला सांगून टाका, सासूबाईंचं कारण पुढे न करता. आणि 'नको, मला जमणारच नाही' असं आलं, तर ताई, फॉर्म भराच. कर्जाच्या फाइली, वसुली हे सगळं शिकता येतं. चिडलेल्या म्हाताऱ्या माणसाला शांत करायला कुठलं ट्रेनिंग सेंटर शिकवतं? ते तुम्हाला येतंय.

मैत्रिणीला एकदा फोन करा. तिचा दिवस कसा जातो ते विचारा: टार्गेट, थकबाकीदार, परगावची भाड्याची खोली, आणि एखादं कर्ज मंजूर करताना होणारा आनंदही. ऐकताना तुमचं मन कुठे ओढलं जातं ते बघा.

परिपत्रकाची मुदत संपायच्या आत ठरवा. तारीख उलटून गेली म्हणून राहिलं, असं या वेळी होऊ देऊ नका. आणि काहीही ठरलं तरी, या नोव्हेंबरात ते आजोबा आले की मला कळवा.