इंडोनेशियातल्या दुर्गम डोंगरी गावात आयुष्य कसं असतं? तिथल्या तरुणांना काही भविष्य आहे का?

तुम्ही गावाचं नाव दिलेलं नाही, त्यामुळे मला ठाऊक असलेल्या एकाच गावाबद्दल लिहितो. फ्लोरेस बेटावरचं वाए रेबो. आमच्या थोरल्या भावाने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या गावाचा फोटो आजवर निदान सहा वेळा टाकलाय. धुक्यात सात शंकूसारखी घरं आणि खाली ओळ: 'रस्ता नाही, म्हणून गाव टिकलं.' दादा तिथे गेलेला नाही. मी गेलोय.

जावा बेटावर पुर्वाकार्ताच्या एका कापड गिरणीत मी अकरा वर्षं काढली. २०१९च्या ऑगस्टमध्ये सुट्टी काढून गेलो. बेटाच्या पश्चिम टोकाच्या लाबुआन बाजो या बंदराच्या शहराहून पायथ्याच्या देंगे गावापर्यंत गाडी, तिथून पहिल्या टप्प्यापर्यंत मोटारसायकलवाला, आणि पुढे अडीच तास जंगलातून चढण. गाव हजार-बाराशे मीटरवर आहे. शिरण्याआधी एका झोपडीपाशी बांबूचा ठोका वाजवायचा, म्हणजे खाली गावात कळतं की पाहुणे आले. आधी मोठ्या घरात जाऊन म्हाताऱ्याकडून पूर्वजांना आपली वर्दी द्यायची, तोवर कॅमेरा बाहेर काढायचा नाही. (गंमत म्हणजे तिकडे आईला 'मामा' म्हणतात. पहिला दिवसभर माझा गोंधळच चालला होता.)

घराला म्बारू नियांग म्हणतात. आतून पाच मजले. खाली माणसं, वर धान्य, बियाणं, आणि सगळ्यात वर पूर्वजांचा नैवेद्य. मोठ्या घरात आठ कुटुंबं एका छपराखाली, मधोमध चुली, धूर छपरातून वर जातो आणि त्याच धुराने गवत टिकतं. आता दादाच्या ओळीबद्दल. २००८ साली या सातातली चारच घरं उभी होती. बाकीची पुन्हा बांधली गेली ती जकार्ताच्या वास्तुविशारदांनी हात दिला आणि बाहेरून पैसा आला म्हणून. बांधणारे हात मात्र गावाचे. २०१२ साली युनेस्कोचं आशिया-पॅसिफिकचं बक्षीस मिळालं, त्यानंतर पाहुण्यांची रीघ लागली. म्हणजे रस्ता नव्हता तेव्हा गाव टिकलं नव्हतं, ते पडायला आलं होतं.

पोट कशावर चालतं? कॉफीवर. अंगणभर चटया आणि त्यावर बिया. त्या पोत्यात भरून पाठीवर खाली न्यायच्या आणि येताना तांदूळ, मीठ, साबण वर आणायचं. पाहुण्यांचा पैसा वेगळा. मी गेलो तेव्हा एका रात्रीचे जेवणासकट माणशी सव्वातीन लाख रुपिया घेत होते, आपले सोळाशेच्या आसपास. पोरं मात्र शाळेसाठी खाली. कोंबो नावाचं जोडगाव आहे, निम्मं वाए रेबो तिथेच राहतं. एखाद्या घरची आजी वर आणि नातवंडं खाली, हे तिथे रोजचं.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला आवाजाने जाग आली. शेजारच्या घरातल्या एका आजोबांचा ताप तीन दिवस उतरला नव्हता, पाय सुजले होते. दोन माणसांनी अंगणातला लांब बांबू उचलला, त्याला सारोंगची, म्हणजे तिकडच्या लुंगीची, झोळी बांधली आणि त्यात आजोबांना घातलं. सहा जण आळीपाळीने खांदा देणार होते. मी म्हटलं, मीही येतो. ते हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

माझा खांदा पंधरा मिनिटं टिकला असेल. उतारावर सगळा भार पुढच्याच्या गुडघ्यांवर येतो, ओल्या मुळांवर पाय सरकतो, आणि झोळीतला माणूस कण्हत नाही, तो गप्प राहतो, कारण आपण जड आहोत याचीच त्याला लाज वाटत असते. हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. २०११च्या आषाढात आईला आम्ही अशीच डोलीतून उतरवली. आमची वाडी पाटण तालुक्यात, कोयनेच्या वरच्या अंगाला. आईची डावी बाजू पहाटे गेली आणि दवाखान्यात पोहोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. त्याच्या तीन वर्षं आधी वाडीच्या रस्त्याची मोजणी झाली होती. आमच्या बांधातले अडीच गुंठे जात होते. दादाने सही केली नाही. जमिनीसाठी नाही हो, तो लोभी नाही. त्याचं म्हणणं, रस्ता आला की वाडी बिघडते, दारू येते, प्लॉटवाले येतात. बोलत होता पुण्याहून, तिसऱ्या मजल्यावरून, जिथे लिफ्ट आहे.

आई पुढे चार वर्षं जगली. डावा हात परत उठला नाही.

तर भविष्याचं विचारता ना. तरुण बाहेर जातात. बाली, बोर्निओ बेटावरच्या कालिमांतानचे पाम तेलाचे मळे, मलेशिया. फ्लोरेस ज्यात येतं तो पूर्व नुसा तेंगारा प्रांत देशातल्या सगळ्यात गरीब प्रांतांपैकी एक आहे, आणि तिथून बाहेर कामाला गेलेल्या काहींच्या शवपेट्या प्रांताच्या राजधानीत, कुपांगच्या विमानतळावर उतरतात हेही खरं. २०१५पासून सरकार गावांना थेट विकासनिधी देतं, त्यातून पुष्कळ ठिकाणी पायवाटा आणि पाण्याचे नळ झाले. लाबुआन बाजोत पर्यटन वाढतंय. म्हणजे पैसा आहे, पण तो डोंगराच्या पायथ्याशी आहे, आणि शिकलेला पोरगा पैशाच्या जवळ राहणार. त्याला 'संस्कृती जप' म्हणून वर बसवणारे आपण कोण? ज्याच्या दारात गाडी उभी आहे त्याने दुसऱ्याच्या रस्त्याला नाही म्हणू नये, एवढं माझं साधं म्हणणं आहे आणि ते मी दादाला २००८ सालीच सांगितलं होतं.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर दादा म्हणेल लपवली. त्या आजोबांच्या मुलाला मी खाली पोहोचल्यावर विचारलं, थेट गावापर्यंत रस्ता हवा ना? आजोबा तोवर आरोग्य केंद्राच्या गाडीत होते. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, पहिल्या टप्प्यापर्यंत आला ते बरं झालं, याच्या वर नको. चढून यावं लागतं म्हणूनच तुम्ही आलात, गाडी आली तर लोक तासभर थांबून फोटो काढून जातील, रात्रीला कोण राहणार? वडिलांना आत्ता खांद्यावरून उतरवलेला माणूस हे बोलत होता. मला उत्तर सुचलं नाही. आजोबा दोन महिन्यांनी चालत वर गेले, तसा त्याचा निरोप आला. पण हिशोब त्याचा आहे आणि खांदाही त्याचाच. दादाच्या बाबतीत यातलं एकही लागू होत नाही.

तुमचा रोख स्वतः तिकडे जाऊन राहण्याकडे असेल तर विसरा. परदेशी माणसाला तिथे जमिनीची मालकी मिळत नाही, १९६०च्या कायद्यापासून हे आहे. शिवाय तिथल्या मांगाराई लोकांची शेतजमीन एकट्याची नसते, सगळ्या भावकीची. कोळिष्टकासारखे मधल्या बिंदूपासून फाकत जाणारे वाटे, तेही गावचा जाणता ठरवतो. फ्लोरेसवरच्याच चांचार गावाला टेकडीवरून ती शेतं दिसतात, जाता जाता बघा.

जायचंच तर मे ते सप्टेंबर. पावसात ती वाट म्हणजे नुसता चिखल आणि जळवा. रात्री थंडी असते, स्वेटर न्या. आणि घरांमागे बांबू टेकवून ठेवलेले दिसले, तर ते सगळेच कपडे वाळत घालायचे नसतात. दादाच्या त्या फोटोतही उजव्या कोपऱ्यात एक आहे.